पट्टी वाचायला शिकवणारी शाळा

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. आमची हापूसची चाळीसेक कलमं होती. आंबा पेट्यांतून मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात जाई आणि काही दिवसांनी दलालाची पट्टी टपालाने येई. अब्बा ती माझ्या हातात देत आणि म्हणत, "वाच." मी वाचायचो. पेट्या इतक्या, दर इतका. वजा भाडं, हमाली, दलाली आणि पावसाळ्यात घेतलेली उचल. शेवटचा आकडा ऐकून अब्बा विचारत, "म्हणजे सुटलं काय?" गणितात मला चांगले गुण होते, पण या प्रश्नाचं उत्तर कधी देता आलं नाही. खत, राखण, काढणी, पेंढा यांचा खर्च आमच्या घरात कुठे लिहिलेलाच नव्हता. पुढे बाग कराराने दुसऱ्याकडे गेली. मी बी. ए. झालो आणि मोहोरावर कविता लिहिल्या.

शाळेत आम्हांला कार्यानुभवाचा तास होता. त्या तासाला आम्ही अबोलीला पाणी घालायचो. शाळेतली शेती म्हणजे एवढंच, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. माझ्या मते तिचे तीन धडे आहेत : पिकवणं, हिशेब आणि चारचौघांत उभं राहणं.

ही मागणी नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं. त्या यादीत हिशेब आहे आणि शेतीचं प्राथमिक ज्ञानही आहे.

पहिल्या धड्याची सोय आपल्या जिल्ह्यातच आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे फळ बाहेरून देखणं आणि आतून पांढरट, आंबट. झाडाखाली गवताचं आच्छादन घातलं आणि फळ चौदा आणे तयार असताना उतरवलं, तर साका कमी होतो. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना' जातीत साका होत नाही. हे आठवीच्या मुलाला सहज समजेल. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयं आहेत, पण तोवर कित्येक मुलांनी मुंबईची वाट धरलेली असते.

दुसरा धडा पुणे जिल्ह्यात पाबळला पाहावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमात हायस्कूलची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. शेती आणि पशुपालन हा त्यातला एक भाग. गावाला लागणारं काम मुलं करून देतात, त्याचे पैसे घेतात आणि खर्चही मांडतात. किंमत कशी ठरते, हे तिथे फळ्यावर शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या धड्यासाठी अमेरिकेतलं उदाहरण देतो. तिथे १९२८ साली 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही हायस्कूलच्या मुलांची संघटना निघाली. वर्गात शेती शिकायची, घरी स्वतःचं एखादं पीक किंवा जनावर सांभाळून त्याची वही ठेवायची आणि संघटनेच्या सभा मुलांनीच चालवायच्या, अशी तिथली पद्धत. आपल्याला पुढारी पुष्कळ आहेत. सभेत उठून नेमका प्रश्न विचारणारे कमी. २०१८ साली आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते वापरायचं तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. दहा शेतकरी एकत्र आले तर उत्पादक कंपनी काढता येते. पण त्या दहाजणांना एका ओटीवर बसवणार कोण?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. आंबा उतरतो तेव्हा आपल्याकडे परीक्षा आणि सुट्टी असते. म्हणून हे दिवस वाटून घ्यावेत. पावसाळ्यात कोय कलम बांधावं, थंडीत मोहोराची निगा पाहावी आणि उरलेल्या दिवसांत गावातल्या एखाद्या बागायतदाराची जुनी पट्टी त्याच्या परवानगीने फळ्यावर मांडावी. पट्टीत असलेला खर्च एका बाजूला, नसलेला दुसऱ्या बाजूला.

मग घरी कुणी विचारलं, "सुटलं काय?" तर त्या मुलाला माझ्यासारखं गप्प बसावं लागणार नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)