विट्याच्या रस्त्याच्या टोकाला समुद्र

विटा शहरातून जाणारा गुहागर-विजापूर रस्ता आपण रोज ओलांडतो. तो कोठे संपतो याचा विचार मात्र क्वचितच करतो. पश्चिमेकडे तोंड करून निघाले, की कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण मागे टाकीत तो गुहागरला थेट समुद्रापाशी जातो. अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. असे असूनही आपल्या खानापूर तालुक्यात समुद्र न पाहिलेली वयोवृद्ध माणसे पुष्कळ आहेत. माझी आई त्यांपैकीच एक होती. वडील गलाईच्या धंद्यानिमित्त आयुष्यभर परमुलखात राहिले आणि आईने इकडे रान, जनावरे व सासू-सासरे सांभाळले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी ती सहज म्हणाली, ‘‘एकदा समुद्र बघायचा हुता.’’

तिची ही इच्छा आम्ही प्रथम ज्या रीतीने पुरी केली, ती सांगणे लाजिरवाणे असले तरी आवश्यक आहे. पहाटे चारला निघायचे आणि रात्री परत यायचे, असा बेत आम्ही मुलांनी आखला. आईला रक्तदाबाची आणि लघवी साफ होण्याची अशा दोन गोळ्या चालू होत्या. त्या तिने नेमाने घेतल्या. पाणी मात्र जवळजवळ प्यायली नाही. ‘वाटेत बायकामाणसाची सोय नसते’ हे तिचे कारण आम्ही विचारलेही नाही. दुपारी दोनच्या उन्हात गाडीतून उतरून उभी राहताच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती वाळूत खाली बसली. त्या दिवशी तिने समुद्र पाहिला तो गाडीच्या काचेतून. परतल्यावर डॉक्टरांनी सांगितले, की शरीरातील पाणी कमी झाले, त्यात या गोळ्या आणि तासन्‌तास बैठक. अशा अवस्थेत एकदम उभे राहिल्यास वृद्धांचा रक्तदाब झपकन उतरतो. दोष समुद्राचा नव्हता आणि आईच्या वयाचाही नव्हता. दोष आमच्या घाईचा होता.

पुढल्या वर्षी जानेवारीत आम्ही दोन रात्रींचा मुक्काम धरून पुन्हा निघालो. जानेवारी मुद्दाम निवडला. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात आणि समुद्र खवळलेला असतो. मार्चनंतर किनाऱ्यावरील दमट उकाडा वृद्धांना सोसत नाही. आपल्याकडील कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवते. कोकणात तो वाळत नाही. त्यामुळे तेथील ऊन आकड्यात कमी भासले तरी शरीराला अधिक जड जाते, हे माणदेशी माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही.

या खेपेस न्याहारी आणि औषधे आटोपून सकाळी सातला निघालो. दर दीड तासाने थांबायचे व दहा मिनिटे चालायचे, हा नियम केला. बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्यास पोटऱ्यांतील शिरांत रक्त साकळण्याची भीती असते. बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलत राहिले, तरी बराच लाभ होतो. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पहिला थांबा घेतला. दुसरा थांबा कोयनानगरला होता. तेथे आईला १९६७ सालच्या ११ डिसेंबरचा भूकंप आठवला आणि पुढचा अर्धा तास तिच्याच आठवणींत गेला. थांब्याची जागा अशी असावी, की वृद्धांना तेथे सांगण्यासारखे काही असेल. नुसते ‘पाय मोकळे करून ये’ म्हटले तर ते गाडीतच बसून राहतात. स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी मात्र आधीच करून ठेवावी व तसे त्यांना निघतानाच सांगावे. सोय होणार हे कळले, की पाणी आपोआप प्यायले जाते.

कुंभार्ली घाट दुपारपूर्वी उतरावा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, पोट हलके ठेवावे आणि दूरच्या डोंगराकडे पाहण्यास सांगावे. वाचन व मोबाईल टाळावा. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, कधी भ्रम होतो. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवीही अडू शकते. म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. उतारावर कानांत दडे बसल्यास आवंढा गिळावा किंवा बडीशेप चघळावी. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येईल का, हेही डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या मनाने ती बंद करू नये.

चिपळूणला जेवण आणि दोन तासांची विश्रांती घेतली. ही विश्रांती आईसाठी होती, तशीच गाडी चालविणाऱ्या भावासाठीही होती, कारण जेवणानंतरची झोप चालकाला हमखास गाठते. उन्हे उतरल्यावर गुहागरला पोहोचलो.

मुक्कामाची खोली ठरविताना आम्ही दूरध्वनीवर चारच गोष्टी विचारल्या होत्या. खोली तळमजल्यावर आहे का, बैठे कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला आधार आहे का आणि गाडी दारापर्यंत येते का. समुद्र खिडकीतून दिसतो का, हे विचारलेच नाही. पोफळीच्या बागेतील एक साधे घर मिळाले. रात्री अनोळखी खोलीत उठताना वृद्ध पडतात, म्हणून न्हाणीघरातील दिवा चालू ठेवला आणि वाट मोकळी केली.

इटलीतील अमाल्फीच्या किनारी रस्त्याची छायाचित्रे हल्ली घरोघरी मोबाईलवर फिरतात. तशीच डोंगराला लगटून समुद्र दाखविणारी वाट आपल्याकडे गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला जाते. तवसाळहून फेरीबोटीत गाडी घालून जयगडला उतरले, की गुहागरहून तिकडे जाता येते. भावाची तशी फार इच्छा होती. मी नको म्हटले. वृद्धांसोबत एका मुक्कामात एकच गाव पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. दुसरा दिवस आम्ही गाडी जागची न हलविता काढला. सकाळी व्याडेश्वराचे दर्शन, दुपारी झोप आणि सायंकाळी किनारा.

किनाऱ्याची वेळ ओहोटी पाहून ठरवावी. ती गावातील कोणीही सांगतो. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते व तीवर काठी रुतत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र गुडघे व कंबर दोन्ही दुखावतात. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. त्यांनी अनवाणी चालू नये; शिंपला रुतला वा चटका बसला तरी त्यांना कळत नाही. रात्री तळवे आणि बोटांमधील जागा उजेडात पाहाव्यात. इन्सुलिन उभ्या गाडीत कधीही ठेवू नये.

जेवणात सोलकढी होती, उकडीचे मोदक होते. सुकी मासळी, पापड व लोणचे यांतील मीठ हृदयविकाराच्या रुग्णाला बाधते, आणि विकतच्या कोकम सरबतात साखर बरीच असते, एवढे स्मरणात ठेवले म्हणजे झाले. दोन दिवस जिभेला अगदीच बांधून ठेवण्याचे कारण नाही.

औषधांची यादी, अलीकडच्या ईसीजीची प्रत आणि डॉक्टरांचा क्रमांक एका पिशवीत होता. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांच्या मोबाईलमध्ये होता. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, हेही पाहून ठेवले होते. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या संमतीवाचून निघूच नये.

आणखी एक गोष्ट. अशा सहलीत घरची सून तेथेही औषधेच मोजत बसते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आईजवळ मी थांबलो आणि पत्नीला एकटीला सुरूच्या बनापर्यंत पाठविले. ती तासाभराने परतली.

तोवर आम्ही घरून आणलेली खुर्ची ओल्या वाळूत मांडली होती. आई चपला घालूनच बसली. पहिली लाट पावलांपर्यंत आली तेव्हा तिने लुगडे सावरले. दुसऱ्या लाटेला सावरले नाही. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘एवढं पाणी, आन्‌ आमच्या रानाला थेंब न्हाई.’’ मी उठण्याविषयी विचारले, तर मान हलवून तिने पिण्याच्या पाण्याची बाटली मागितली.