श्वास परत आणणारं विकर

रोममध्ये 1938 साली चेर्लेत्ती आणि बिनी यांनी माणसाला पहिल्यांदा विजेचा उपचार दिला, तेव्हा भूल नव्हती. पुढची काही वर्षं आकडीच्या हिसक्यांनी रुग्णांचे मणके मोडत. सिनेमांनी तेच चित्र आपल्या मनात जपून ठेवलं आहे. भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा शॉक बेकायदा ठरवला. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध सक्तीचं झालं.

हे औषध बहुधा सक्सिनिलकोलिन असतं. शिरेतून दिलं की मिनिटभरात सगळे स्नायू लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. भूलतज्ज्ञ मास्क लावून प्राणवायू देत राहतात. आकडी मेंदूत येते, अंगावर फारशी दिसत नाही. म्हणून एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आधीच आवळतात. त्या पावलात औषध पोचत नाही, आणि त्याच्या थरथरीवरून आकडी किती वेळ टिकली ते कळतं.

त्यानंतर श्वास परतण्याची सगळी भिस्त रक्तातल्या स्यूडोकोलिनएस्टरेज या विकरावर. यकृतात बनणारं हे विकर सक्सिनिलकोलिन झपाट्यानं फोडतं, म्हणून पाच-दहा मिनिटांत रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो. काहींमध्ये ते जन्मतःच सदोष असतं. अशांना तासन्‌तास कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. दक्षिण भारतातल्या वैश्य समाजात हा दोष बराच आढळतो.

  

मला खरी काळजी वाटते ती फवारणीच्या औषधांची. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच विकर निकामी करतात, आणि पातळी भरून यायला कित्येक आठवडे लागतात. तीव्र नैराश्यात विष घेऊन वाचलेला माणूस अतिदक्षता विभागातून मनोविकार विभागात येतो. शॉकची निकड त्यालाच सर्वाधिक, आणि विकर नेमकं त्याच्याच रक्तात कमी. विषबाधेची गोष्ट घरचे लाजेपोटी लपवतात. भूलतज्ज्ञांपासून तरी ती लपवू नये. घरात कुणाला भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागला असेल, तर तेही सांगावं. रक्ततपासणीत पातळी कमी निघाली म्हणून उपचार रद्द होत नाही. रोक्युरोनियम हे औषध या विकरावर अवलंबून नाही; ते वापरून सुगामाडेक्सनं त्याचा परिणाम उतरवता येतो.