दिवाळीच्या करंजीत नागली-खुरासणीचं सारण

वाघबारस तोंडावर आली आहे. शिरपामाळापासून पार खोडाळ्यापर्यंत वरकस उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुलली आहे, हळवं भात कापून झालंय आणि नागलीची कणसं भरत आली आहेत. घरात लिंपण-सारवण चालू असेल. अशा गडबडीत आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत, ती म्हणजे करंजीचं सारण. पोरं आवडीने खातील आणि त्यांच्या अंगीही लागेल, असं सारण आपल्याच घरातल्या कणगीतून आणि डब्यांतून कसं करायचं ते बघू.

आधी एक गैरसमज दूर करू. शहरातल्या मासिकांत ‘पौष्टिक फराळ’ म्हणजे तेल कमी, तूप कमी, साखर नाही, असं लिहिलेलं असतं. ज्यांच्या पोरांची वजनं जास्त आहेत त्यांना ते ठीक आहे. आपल्या जव्हार-मोखाड्यातली गोष्ट वेगळी आहे. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचं नाव देशभर झालं, ते अजून कुणी विसरलेलं नाही, आणि अंगणवाडीच्या काट्यावर हलकी भरणारी पोरं आजही आपल्या पाड्यांवर आहेत. अशा पोराला तेल तोडून चालत नाही. दोन-तीन वर्षांच्या पोराचं पोट त्याच्या मुठीपेक्षा फार मोठं नसतं. वाटीभर पेज प्यायली की ते भरतं, पण पेजेत बहुतेक पाणीच असतं. एक ग्रॅम पीठ किंवा साखर चार उष्मांक देते आणि एक ग्रॅम तेल किंवा तूप नऊ. म्हणून आपल्याकडे पौष्टिक म्हणजे घासाघासात जास्त असलेलं. शेंगदाणा, तीळ, खुरासणी ही तेलबियांची मंडळी त्यासाठीच सारणात घ्यायची.

बाजारच्या रवा-मैद्याच्या करंजीत गोडवा असतो, बाकी फार काही नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम नागलीत साधारण ३६० मिलीग्रॅम कॅल्शियम दिलंय. तेवढ्याच मैद्यात ते २० च्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात १० पेक्षाही कमी. तिळात तर हजाराच्या वर. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे २३-२४ ग्रॅम प्रथिनं. आता हे १०० ग्रॅम कोणी एका बैठकीत खात नाही, पण तुलना लक्षात यावी म्हणून आकडे सांगितले. जी नागली आपण गरिबाची भाकर म्हणून पाहुण्यांपुढे ठेवायला लाजतो, ती शहरात मिलेट म्हणून रंगीत पाकिटातून दामदुपटीने विकली जाते. २०२३ हे वर्ष तर साऱ्या जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं.

पण पोरं आकडे खात नाहीत, त्यांना चव लागते. दिवाळीच्या सुट्टीत शिरपामाळावर पाहुण्यांच्या गाड्या लागतात. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज तिथं थांबले आणि जव्हारच्या राजांनी त्यांना शिरपेच दिला, म्हणून शिरपामाळ, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. पाहुणे ती ऐकायला येतात, आपली पोरं मात्र टपरीवर लटकलेल्या पाकिटांकडे बघत असतात. त्या पाकिटात असतं काय? कुरकुरीतपणा, मीठ, गोडवा आणि चकचकीत कागद. यातला कागद सोडला तर बाकी सगळं आपल्याला चुलीवर जमतं.

नागलीचं सारण पोरं थुंकून टाकतात, अशी तक्रार आम्ही पुष्कळ बायांकडून ऐकली. कारणं बहुतेक वेळा तीनच निघतात. पीठ कच्चं राहून टाळूला चिकटतं, खुरासणीत बारीक वाळू राहून दाताखाली कचकच येते, किंवा खुरासणी करपून कडू होते. पदार्थ चांगलाच असतो, भाजणीत गडबड होते. म्हणून आता प्रत्येक जिन्नस सावकाश बघू.

नागलीला मोड आणले तर उत्तम. रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायची. दिवसा-दीड दिवसात पांढरे मोड दिसतात. मग कडक उन्हात वाळवायची, हाताने चोळून मोड झाडायचे आणि दळायची. मोड येताना दाण्यातलं पिष्ट थोडं फुटून त्याची साखर होते, म्हणून हे पीठ जिभेला आपोआप गोडसर लागतं आणि गूळ कमी पुरतो. दाण्यातलं लोह ज्या घटकाने धरून ठेवलेलं असतं तोही मोडांमुळे कमी होतो, आणि मग ते लोह पोराच्या अंगाला जास्त लागतं. वेळ नसेल तर साधं पीठ घ्या, दिवाळी काही थांबत नाही. पीठ कोणतंही असो, मंद आचेवर सतत ढवळत भाजायचं. साध्या पिठाला आठ-दहा मिनिटं लागतात, मोडाच्या पिठाला त्याहून कमी, कारण ते लवकर करपतं. खमंग वास दारापर्यंत आला आणि पीठ उलथन्यावरून कोरडं, हलकं सांडायला लागलं की उतरवायचं. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. चिकटलं तर अजून कच्चं आहे.

खुरासणी आधी सुपात पाखडा, मग दोन-तीन पाण्यांतून काढा. वाळू तळाशी बसते, दाणे वरून उचलून घ्यायचे आणि फडक्यावर वाळवायचे. एवढी खटपट केली तरच कचकच जाते. दाणे जुने असतील तर आधी चावून बघा. तेलकट, खवट वास आला तर ते सारणात घालू नका, एवढ्याशा खवट दाण्यांनी अख्खं सारण जातं. भाजताना कढई गरम करून आच कमी करायची. दाणे तडतडले की मिनिटभरात उतरवायचे आणि लगेच ताटात पसरायचे, कारण गरम कढईतच ठेवले तर आच बंद असली तरी ते भाजत राहतात. खुरासणीची चव उग्र असते, म्हणून पोरांच्या सारणात ती थोडीच, चटणीत हवी तेवढी.

शेंगदाणे भाजायच्या आधी निवडा. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचे दाणे बाजूला काढून टाकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका. त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजून जात नाही. चांगले दाणे भाजून, सालं पाखडून कूट करा. तीळ कोरडे भाजून अर्धे कुटा, अर्धे तसेच ठेवा. हे अख्खे तीळ दाताखाली कुरकुरतात, आणि पोरांना नेमकं तेच हवं असतं.

आता प्रमाण. भाजलेलं नागलीचं पीठ एक वाटी, शेंगदाण्याचं कूट एक वाटी, तीळ अर्धी वाटी, खुरासणीची पूड पाव वाटी, किसलेला गूळ पाऊण ते एक वाटी. सुंठ किंवा वेलची आवडीप्रमाणे, आणि चिमूटभर मीठ नक्की घाला, त्याने गोडी खुलते. घरात सुकं खोबरं असेल तर मूठभर किसून भाजून टाका, नसेल तर अडत नाही. सगळं पूर्ण गार झाल्यावरच गूळ मिसळायचा, नाहीतर तो पाझरून गोळे होतात. मिसळल्यावर एकदा पाट्यावर हलक्या हाताने फिरवलं तर शेंगदाण्यातलं तेल सुटून सारण मुठीत वळतं. फारच कोरडं वाटलं तर चमचाभर तूप किंवा तेल घाला. दोन चमचे सारणाचा हिशेब केला तर सुमारे ९० उष्मांक होतात. पेजेच्या वाटीवर भुरभुरलं तरी ती पेज चांगलीच भारी होते.

गुळाबद्दल खरं बोललं पाहिजे. गूळ साखरेपेक्षा चवीला सरस आहे, पण पोराच्या दाताला आणि पोटाला तोही साखरच. गुळाने रक्त वाढतं असं आपण म्हणतो, पण तेवढं लोह मिळवायचं तर भेलीच खावी लागेल. रक्त वाढवायचा भार नागली, तीळ आणि पाल्याभाज्यांवर ठेवा. सोबत आवळा किंवा लिंबू असू द्या, कारण आंबटाने धान्यातलं लोह चांगलं लागतं. आणि फराळाबरोबर पोराला चहा देऊ नका. चहा लोह अडवतो, आणि करंजीबरोबर चहा द्यायची तर आपल्याकडे रीतच पडून गेली आहे.

ज्यांच्याकडे चैत्रात वेचून वाळवलेली मोहफुलं आहेत त्यांनी गूळ अर्धा करावा. फुलातले केसर झटकून, दोन पाण्यांनी धुऊन, थोडी वाफवून पुन्हा वाळवायची, तव्यावर परतून बारीक चिरायची. सारणात ती मनुकांसारखी लागतात. आंबूस वास येणारी किंवा बुरशी दिसणारी फुलं घ्यायची नाहीत. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. आपल्या आज्या भूकेच्या दिवसांत हीच फुलं शिजवून पोरांना घालायच्या, ते मात्र कोणी सांगत नाही.

सारण झालं, आता पारी. नुसत्या नागलीची पारी लाटताना चिरते, कारण गव्हात जो चिकट ताण असतो तो नागलीत नाही. उपाय उकडीचा. एक वाटी पाणी, चमचाभर तेल आणि मीठ उकळायला ठेवा. त्यात अर्धी वाटी नव्या तांदळाचं आणि अर्धी वाटी नागलीचं पीठ घालून ढवळा, झाकून दोन वाफा आणा आणि गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळा. लिंबाएवढा गोळा थापून सारण भरायचं, दुमडून कडा दाबायच्या, हळदीच्या पानात गुंडाळून पातेल्यावर चाळण ठेवून १२ ते १५ मिनिटं वाफवायचं. दिवाळीला तवसं किसून नव्या तांदळाच्या पिठात घालून आपण पानात उकडतोच, त्यामुळे हात बसलेला आहे. तळलेली करंजी हवी असेल तर कणकेची पारी घेऊन खुशाल तळा, पोरांना खुसखुशीत आवडतं. फक्त तेल ताजं घ्या. त्याच त्या काळ्या पडलेल्या तेलात चार दिवस तळू नका, आणि डालड्यापेक्षा घाण्यावरचं खुरासणीचं किंवा शेंगदाण्याचं तेल बरं.

करंज्या भरायला पोरांनाच बसवा. वाकड्यातिकड्या होतील, होऊ द्या. आपल्या हाताने भरलेली करंजी पोर टाकून देत नाही, हे आम्ही प्रत्येक वेळी बघितलंय. कुणी तिचा मासा करतं, कुणी तारपा. आणि खायला देताना ‘खा, ताकद येते’ असं म्हणू नका. औषधासारखं सांगितलं की पोरं तोंड फिरवतात. ज्यांना गोड नकोच असतं त्यांच्यासाठी उकडलेल्या चवळीत शेवग्याचा पाला, लसूण, मिरची आणि थोडी खुरासणीची चटणी परतून तिखट सारण करा, पारी तीच.

लहानग्यांच्या बाबतीत सांभाळा. पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खा शेंगदाणा देऊ नका, श्वासनळीत अडकतो. कूट चांगलं बारीक असू द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला गूळ न घालता केलेली पूड मऊ पेजेत कालवून द्या, तीही सहा महिने पुरे झाल्यावरच. कुठलाही नवा दाणा पहिल्यांदा चिमूटभर देऊन बघा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर तो बंद करून लगेच दवाखाना गाठा. आणि पोराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, पावलांवर सूज दिसली किंवा पोर खायलाच तयार नसलं, तर सारणावर विसंबू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडीत त्याच दिवशी दाखवा. तिथून पुढे उपचाराची सोय होते.

आता डब्याचं. दिवाळी आटोपली की आपल्यातली कितीतरी घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर निघतात, ती होळीलाच परत येतात. भट्टीवर आईबापाचा दिवस पहाटेच सुरू होतो आणि पोरं दुपारपर्यंत कालच्या भातावर असतात. आमचं सांगणं असं, की दिवाळीला सारण दुप्पट करा. निम्म्याच्या करंज्या, निम्मं कोरडंच, गूळ न मिसळता, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून सोबत न्या. गुळाचा खडा वेगळ्या फडक्यात बांधा. गूळ ओल धरतो, म्हणून वेगळा ठेवला की पूड तीन आठवडे तरी चांगली राहते. चमचा कोरडा वापरायचा. खवट वास आला की उरलेलं टाकून द्यायचं. सकाळी कामाला जाण्याआधी दोन चमचे पूड, किसलेला गूळ आणि गरम पाणी वाटीत कालवून पोरापुढे ठेवायला पाच मिनिटं लागतात. मोठी बहीण सांभाळायला असेल तर तिला दाखवून ठेवा, दुपारची वाटी ती देईल. संपलं की भट्टीजवळच्या बाजारात शेंगदाणे आणि तीळ मिळतात, नागलीचं पीठ मात्र इथूनच चार किलो जास्त न्या.

पुढच्या भागात करांद्यांचा कडूपणा राखेच्या पाण्याने कसा काढायचा ते सांगू. तुमच्या पाड्यावर वेगळी रीत असेल तर कळवा. नमस्कार.