पोलिसांची रायफल आणि घरची बंदूक: कायदा काय सांगतो?

पन्हाळ्यावर बंदोबस्ताच्या पोलिसाची रायफल पाहून मुलं विचारतात, अशी आपल्याला घेता येईल का? १९५९ च्या शस्त्र कायद्यात प्रश्न मॅगझिनमध्ये किती गोळ्या बसतात एवढाच नाही, त्या कशा सुटतात हा आहे. चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या झाडणारं हत्यार 'प्रतिबंधित' आहे. बेकायदा बाळगलं तर ७ ते १४ वर्षं कैद. ड्युटीवरच्या पोलिसाला कलम ४५ ची सूट आहे.

२०१९ पासून सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. सुटे भागही कायद्याने शस्त्रच, म्हणून मॅगझिन ऑनलाइन मागवू नका. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची बंदूक कपाटात ठेवू नका. पोलीस ठाण्यात जमा करा. मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा.