लोकलने गाठायचं बेट

बालमित्रांनो, एक कोडं घालते. होडीत पाऊलही न ठेवता बेटावर कसं जायचं?

सोप्पं आहे! वसई रोडला चर्चगेटची लोकल पकडायची. नायगाव सुटलं की गाडी धडधडत खाडीच्या पुलावर चढते. मध्ये पाणजू बेट लागतं, मग पुन्हा पूल, आणि भाईंदर आलं की झालं! तुम्ही साष्टी बेटावर पोहोचलात.

काय, पटत नाही? मग नकाशा काढा बरं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला माहीमच्या खाडीपलीकडे मुंबईची सात बेटं होती. ती भराव घालून जोडली गेली. मीरा-भाईंदर, मुंबईची उपनगरं आणि ठाणे शहराचा मोठा भाग याच बेटावर आहे. इथे ६६ गावं होती, म्हणून ‘सहासष्ट’वरून ‘साष्टी’ झालं असं सांगतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली.

हे बेट बघायचं ना, तर पावसाच्या एका थेंबाचं बोट धरून निघू या!

थेंब पडतो बेटाच्या मधोमध, डोंगरावर. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ते हेच. सुमारे १०० चौरस किलोमीटरचं जंगल, आणि त्यात चक्क बिबटे! इथल्या उतारांवर कारवी वाढते. तिला सात वर्षं फुलं नाहीत. आठव्या वर्षी मात्र सगळा डोंगर जांभळा! २०१६ आणि २०२४ मध्ये ती फुलली होती. आता पुढची पाळी कधी, ते तुम्हीच मोजा.

जवळच कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या खडकात कोरलेली शंभराहून अधिक! पावसाचं पाणी साठवायला भिक्षूंनी लेण्यांजवळ पाण्याची टाकी खोदली. त्यांना ‘पोढी’ म्हणतात. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांत आपल्या सोपाऱ्याचाही उल्लेख आहे बरं का!

डोंगरांमधल्या दऱ्यांत पाणी अडवून विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले. तुळशीकडून दहिसर नदी निघते. जंगलात ती खडकांवरून खळाळते, पण शहरात शिरली की बिचारीच्या अंगावर सांडपाणी आणि प्लॅस्टिक येऊन पडतं. पुढे ती मनोरीच्या खाडीला मिळते. तिथे तिवरांचं रान आहे. त्यांची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. त्या मुळांच्या आडोशाला कोळंबी नि माशांची पिल्लं वाढतात. पलीकडे गोराई आणि उत्तनचा किनारा. उत्तनला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील.

डोंगर, दरी, नदी, तिवरं, समुद्र! थेंबाची वाट ही अशी. ती मध्येच अडवली तर? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून वाहणाऱ्या मिठी नदीचं पात्र भरावाने आणि बांधकामांनी अरुंद झालं होतं. पाणी घराघरांत शिरलं, शेकडो माणसं दगावली. आपल्याकडेही जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, ते मोठ्यांना विचारा. पाणी कुणावर रागावत नाही. त्याला फक्त समुद्राकडे जायचं असतं.

आईबाबांनो, सुट्टीत मुलांना इकडे जरूर न्या. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. पावसाळ्यात ओढ्यात आणि समुद्रात मुलांना उतरू देऊ नका. २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. बेटावर पाण्यावरून जाण्याची हौस तिने भागवता येते.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. आपल्या अंगणातलं पावसाचं पाणी कुठे जातं? गटार, ओढा, खाडी अशी त्याची वाट शोधा, वहीत नकाशा काढा. वाटेत कुठे कचरा किंवा भराव दिसला तर तिथे लाल फुली मारा. ती वही वर्गात बाईंना, गुरुजींना दाखवा आणि घरच्यांनाही. त्या लाल फुल्या कमी कशा करायच्या, हे सगळे मिळून ठरवा!