ॲव्हरेज वाढवायचे आहे, पण उतारावर न्यूट्रल करून नव्हे

वस्तीतल्या तरुणांसाठी हल्ली नोकरी म्हणजे गाडी. पोरगा बारावी झालेला असतो, कधी पदवीधरही असतो, पण कुठे काम लागत नाही. मग आईचे दागिने मोडून डाउन पेमेंट भरायचे, हप्त्यावर गाडी घ्यायची आणि ॲपला जोडायची. पुण्यातल्या अशा चालक तरुणांबरोबर आम्ही काम करतो. विषय कर्जाचा असो की विम्याचा, बोलणे फिरून एकाच तक्रारीवर येते : गाडी ॲव्हरेज देत नाही. त्यावर प्रत्येकाकडे आपापला तोडगा असतो. त्यातला एक तोडगा जीवघेणा आहे, म्हणून हा लेख लिहावा लागला.

आधी पैशाचे बोलू. गाडी दिवसाला १५० किलोमीटर चालते आणि लिटरला १५ देते, तर रोज १० लिटर पेट्रोल लागते. हिशेबाला सोपे जावे म्हणून लिटरचे १०० रुपये धरू. तीच गाडी १७ देऊ लागली, तर रोज सुमारे ११८ रुपये वाचतात. महिन्यात २६ दिवस गाडी चालली, तर ही रक्कम ३,००० च्या वर जाते. हप्ता थकलेल्या घरात हे पैसे म्हणजे मुलांची फी किंवा किराणा. सीएनजीचा हिशेब किलोत होतो, पण सवयी त्याच.

हे पैसे जातात कुठे? सर्वात जास्त जातात ब्रेकमध्ये. गाडीला वेग देण्यासाठी इंधन जाळलेले असते आणि ब्रेक दाबला की तो वेग ब्रेकच्या उष्णतेत संपतो. पुढचा सिग्नल लाल दिसत असतानाही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि मग करकचून ब्रेक मारायचा, ही शहरातली सर्रास सवय आहे. त्याऐवजी दोनशे मीटर आधी पाय काढून घ्या आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. गेल्या वीस वर्षांतल्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गाडी गिअरमध्ये धावत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्शन बंद होते. त्या वेळी इंजिनला चाके फिरवतात, इंधन लागत नाही.

न्यूट्रलचा गैरसमज इथेच कळतो. गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते आणि त्यासाठी ते इंधन घेते. म्हणजे उतारावर न्यूट्रल केल्याने वाचते असे वाटते, प्रत्यक्षात गिअरमधली गाडी कमी पिते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या युक्तीने थोडेफार वाचत असेल. जुन्या उस्तादांनी ती शिकवली आणि ती पुढे चालत राहिली.

काही जण तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा पाय दाबेपर्यंतच टिकते, मग पेडल दगडासारखे होते. स्टेअरिंग जड होते. चावी बाहेर काढली तर स्टेअरिंग लॉकही होऊ शकते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका मालवाहू वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. डिझेलचे थोडे पैसे वाचवण्याचा प्रकार असा महागात पडतो. अशा वेळी चालकाला शिव्या देणे सोपे असते. त्याच्यावर डिझेलचा हिशेब कोण लादतो, हेही विचारले पाहिजे.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी तपासा, तीही सकाळी, टायर थंड असताना. किती हवी ते चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेले असते. कमी हवेचा टायर रस्त्याला घासत चालतो, इंधनही खातो आणि स्वतःही लवकर संपतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. इंजिन गुरगुरेपर्यंत खालचा गिअर ताणू नका. सीएनजीच्या रांगेत किंवा मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करा. थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करायला हरकत नाही, धोका आहे तो धावणाऱ्या गाडीचे बंद करण्यात.

इंधन बचतीसाठी काम करणारी केंद्र सरकारची पीसीआरए ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवायला सांगते. द्रुतगती मार्गावर हे जमणार नाही, पण ८० आणि १०० मधला फरक तरी ओळखा. वेग सव्वापट झाला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

एसीबद्दल मात्र सल्ला देताना आम्हाला संकोच वाटतो. शहरातल्या संथ रहदारीत एसी बंद ठेवला तर नक्कीच वाचते. पण प्रवासी गाडीत बसून तक्रार करतो, तारे कमी होतात आणि पुढच्या फेऱ्यांवर परिणाम होईल या भीतीने चालक गप्प एसी लावतो. फेऱ्यांचे टार्गेट गाठायचे असेल तर घाईही आलीच. शांत गाडी चालवा असे सांगणाऱ्याने बारा-चौदा तास गाडीवर बसणाऱ्या माणसाची ही अडचण लक्षात ठेवावी.

आपल्या सवयीने खरेच फरक पडतो का, ते घरीच मोजता येते. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. आठवड्याने त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. मधल्या किलोमीटरला या वेळी भरलेल्या लिटरने भागा. डॅशबोर्डवर दिसतो तो अंदाज असतो, वहीतला आकडा धरा.