रंगीत पाणलावा व तळ्याकांठचें गवत

निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्यामागील उथळ पाणथळीस १९८६ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढें २०२० सालीं, पाणथळींविषयीच्या रामसर करारान्वयें, महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून तिचें नांव जाहीर झालें.

बदकें उघड्या पाण्यावर दिसतात, सबब त्यांची गणती होते. रंगीत पाणलावा मात्र दिवसा लव्हाळ्यांत निश्चल बसतो. चाहूल लागली तरी सहसा उडत नाहीं. दिसला नाहीं म्हणून तो तेथें नाहींच असें लिहिणें, हें शेतांत न जातां पीकपाहणी भरण्यासारखेंच आम्ही समजतों.

त्याचा शोध कानानें घ्यावा. सांजवेळीं मादी, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा, घुमणारा आवाज काढते. ठराविक जागीं व ठराविक वेळीं ऐकून तारीख, पाण्याची खोली व गवताची उंची टिपावी; आवाज न आल्यास तेंही लिहावें. अशा नोंदींवरूनच कोणता कांठ राखावा हें ठरतें.

या जातींत मादी अधिक रंगीत असते. अंडीं घातल्यावर ती बहुधा दुसरा नर शोधते; अंडीं उबविणें व पिलें वाढविणें नराकडेच असतें. तो मेला किंवा कायमचा हुसकला गेला, तर घरटें पोरकें झालें. म्हणून आमची शेतकरी बंधूंस विनंती, कीं गाळपेरीकरितां कांठचें गवत सरसकट जाळूं नये. पाण्यालगतचा एक पट्टा तरी उभा ठेवावा.